विषय क्र. ६ आणि ‘टेबल’चा घोळ

सचिव (ए-१०४): सर्व सभासदांना नमस्कार. वार्षिक सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका काल लिफ्टशेजारच्या फलकावर लावली असून तिचा फोटो सोसायटीच्या या ग्रुपवर टाकला आहे. बी-५०२ यांनी मेलमध्ये ‘प्लीज टेबल द लिफ्ट प्रपोजल’ असे कळवले होते, त्यानुसार लिफ्ट बदलण्याचा विषय क्र. ६ म्हणून घेतला आहे.

बी-५०२ (सध्या मुक्काम न्यू जर्सी): सचिव साहेब, फोटो पाहून खेद झाला. मी जे लिहिले त्याच्या नेमके उलट आपण केले आहे. एकाच कंपनीचे दरपत्रक हातात असताना बावीस लाखांचा विषय सभेपुढे नेऊ नये, एवढीच माझी विनंती होती. परदेशातल्या सभासदाचे ऐकायचेच नसेल, तर तसे स्पष्ट सांगावे.

सचिव (ए-१०४): साहेब, मी तो मेल दोनदा वाचला आणि खजिनदारांनाही दाखवला. विषय सभेपुढे ठेवा, असाच त्याचा अर्थ आम्हा दोघांना लागला. आता आपणच उलट म्हणता, तेव्हा आम्ही नेमके काय चुकलो ते कळेनासे झाले आहे.

सी-२०४: सचिवांचेही चुकलेले नाही आणि बी-५०२ यांचेही नाही, दोघांनी एकच शब्द दोन देशांच्या अर्थाने वापरला आहे. मंत्रालयात कक्ष अधिकारी म्हणून उभी नोकरी कागद वर पाठवण्यात गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

ब्रिटिश इंग्रजीत एखादा प्रस्ताव ‘टेबल’ करणे म्हणजे तो चर्चेसाठी मांडणे. आपली संसदीय पद्धत तिकडूनच आलेली असल्यामुळे आपल्याकडेही तोच अर्थ रुळला. अहवाल ‘सभागृहाच्या पटलावर ठेवला’ असे आपण वर्तमानपत्रात वाचतो, त्यातले पटल म्हणजे हेच टेबल. अमेरिकेत मात्र ‘टेबल’ करणे म्हणजे विषय बाजूला सारणे. मूळ कल्पना दोन्हीकडे एकच, की कागद सभागृहातल्या टेबलावर ठेवायचा. पण एकाने तो सर्वांना दिसावा म्हणून ठेवला आणि दुसऱ्याने हातातला मोकळा व्हावा म्हणून. हेन्री रॉबर्ट या अमेरिकी लष्करी अभियंत्याने १८७६ साली सभाशास्त्राचे जे पुस्तक काढले आणि जे तिकडच्या संस्था आजही प्रमाण मानतात, त्याच्या प्रचलित आवृत्त्यांनुसार टेबलावर ठेवलेला विषय तातडीचे काम आटोपल्यावर पुन्हा उचलता येतो. त्यांच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे संसदेत, मात्र ‘मोशन टू टेबल’ मंजूर झाले की विषय बासनात गेलाच म्हणून समजावे.

या एका शब्दाने युद्धकाळातही घोटाळा केला आहे. चर्चिल यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आपल्या इतिहासात लिहून ठेवले आहे, की ब्रिटिश अधिकाऱ्यांना एक टिपण तातडीने चर्चेला घ्यायचे होते, म्हणून त्यांनी ते ‘टेबल’ करू असे सांगितले. अमेरिकी अधिकाऱ्यांना वाटले, हे कागद खणात टाकून विसरायला निघाले आहेत. बराच वेळ कडाक्याचा वाद झाल्यावर लक्षात आले, की दोघांनाही एकच गोष्ट हवी होती. आपल्याकडे तेवढे नशीब नाही. येथे दोन्ही बाजूंना खरोखरच वेगवेगळे हवे आहे, त्यामुळे शब्दाचा उलगडा झाला म्हणजे लिफ्टचा प्रश्न सुटला, असे कोणी धरून चालू नये.

बी-५०२: काका, मनापासून आभार. अठरा वर्षे इकडच्या ऑफिसात रोज ‘लेट्स टेबल इट’ म्हणतो, त्यामुळे त्याला दुसरा अर्थ असेल हे डोक्यातच आले नाही. सचिव साहेब, माझ्या मेसेजचा सूर चुकला, क्षमस्व. सभा ‘प्रीपोन’ करा असे मी येथे एकदा म्हणालो, तेव्हा सगळे माझ्या तोंडाकडे बघत राहिले होते. आज पाळी माझ्यावर आली.

ए-३०१: शब्दांचे झाले असेल तर एक विचारते. तिसऱ्या मजल्यावर जाळीचा दरवाजा दोन्ही हातांनी ओढल्याशिवाय लागत नाही, आणि तो नीट लागला नाही की लिफ्ट जागची हलत नाही. काल दुधाची पिशवी दातात धरून मी तो ओढला. हे भिजत घोंगडे आणखी किती दिवस ठेवायचे आहे?

सी-२०४: ताई, आपली अडचण अगदी रास्त आहे. माझी सूचना अशी, की काढलेली नोटीस मागे न घेता विषय क्र. ६ तसाच राहू द्यावा आणि दरपत्रकांची संख्या पुरेशी आहे की नाही, हा मुद्दा सभेतच आधी घ्यावा. इतिवृत्तात मात्र ‘टेबल केला’ असे लिहू नये. ‘चर्चेस घेतला’ किंवा ‘पुढील सभेपर्यंत लांबणीवर टाकला’ यांपैकी जे घडेल ते लिहावे.

सचिव (ए-१०४): सूचना मान्य आहे. सभेपूर्वी आणखी दोन कंपन्यांची दरपत्रके मागवण्याचा प्रयत्न करतो. बी-५०२, आपल्या आईंचे नाव भागपत्रावर सहसभासद म्हणून दुसरे असल्यामुळे आपल्या गैरहजेरीत त्यांना मत देता येईल. आपले म्हणणे त्यांच्यापाशी लेखी द्यावे, आणि शक्यतो मराठीत द्यावे.

बी-५०२: आजच लिहून पाठवतो. पहिले वाक्य असे ठेवले आहे: ‘तीन दरपत्रके येईपर्यंत लिफ्टचा निर्णय घेऊ नये.’