पंप हवा ओढतो, पण पाणी कुठेच गळत नाही

वासणा रोडवासी, वडोदरा:

आमच्या सोसायटीच्या तरणतलावाची देखभाल समितीने यंदा माझ्याकडे सोपवली आहे. निवृत्तीनंतर मिळालेले हे बिनपगारी खातेच म्हणावे लागेल. दीड हॉर्सपॉवरचा पंप, वाळूचा फिल्टर आणि त्यावर पाण्याची वाट बदलणारा मल्टिपोर्ट व्हॉल्व अशी रचना असून पंप तलावाच्या पाण्यापेक्षा साधारण फूटभर उंचावर आहे. गेले तीन आठवडे पंप चालू असताना पाणी तलावात परत सोडणाऱ्या तोंडांतून सतत बुडबुडे येतात, स्ट्रेनरच्या, म्हणजे पंपाच्या तोंडाशी कचरा अडवणाऱ्या जाळीच्या भांड्याच्या, पारदर्शक झाकणाखाली पाणी अर्ध्यावरच खळबळत राहते आणि फिल्टरवरच्या गेजचा काटा थरथरतो. रात्री पंप बंद केला की सकाळी स्ट्रेनर रिकामा सापडतो आणि बादलीने पाणी ओतल्याशिवाय पंप पाणी धरत नाही. रखवालदार ‘साहेब, हवा खेंचे छे’ एवढे निदान करून मोकळा झाला. झाकणाची ओ-रिंग, म्हणजे रबरी कडे, मी नवी बसवली, तिला व्हॅसलीनही चोळले, तरी फरक पडला नाही. पंपघरात एक थेंबही सांडलेला नाही, मग ही हवा शिरते तरी कुठून?

अलकापुरीकर:

आधी स्किमर, म्हणजे तलावाच्या काठावरचे वरचे पाणी ओढून घेणारे तोंड, पाहा. मे महिन्यात आपल्याकडे पाणी भराभर आटते, आणि पातळी स्किमरच्या तोंडाच्या मध्याखाली गेली की तेथे भोवरा होऊन पाण्याबरोबर हवाही ओढली जाते. त्याची झडप वर अडकली असेल तरी हाच प्रकार होतो.

इंदूरचा पाणीवाला:

थेंब न दिसणे हाच येथे मुख्य पुरावा आहे. पंपाच्या पंख्याच्या पुढे, म्हणजे फिल्टरकडे, पाणी दाबाखाली असते, त्यामुळे त्या बाजूची फट पाणी बाहेर टाकते. पंख्याच्या मागे, तलावाकडून येणाऱ्या ओढीच्या बाजूला, दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, म्हणून तेथील फट पाणी सांडण्याऐवजी हवा आत घेते. तेव्हा फिल्टर आणि मल्टिपोर्ट यांच्या नादी लागू नये. पातळी ठीक असेल तर कोणीही पाण्यात नसताना आधी स्किमरचा व्हॉल्व बंद करून केवळ तळाच्या ड्रेनवर पंप चालवावा, मग उलट करून पाहावे. एकाच वाटेवर बुडबुडे आले तर दोष त्या वाटेत. दोन्हींवर सारखेच आले तर तो दोन्ही वाटा एकत्र येतात तेथपासून पंपापर्यंतच्या हातभर पाइपातच शोधावा. नंतर मोटर सांभाळून एकेका सांध्यावर पाण्याची बारीक धार धरावी आणि नजर झाकणावर ठेवावी. ज्या सांध्यावर धार धरताच आतली खळबळ शांत होते, तेथे हवेऐवजी पाणी आत जाऊ लागले असे समजावे. दाढीचा फेस लावला तरी चालतो, फटीपाशी त्याला खळगा पडतो. व्हॉल्वच्या दांड्याची ओ-रिंग आणि स्ट्रेनरखालचा ड्रेन प्लग हे दोघे मात्र हमखास नजरेतून सुटतात. आणि व्हॅसलीन पुसून टाका. खनिज तेलाने रबर फुगते आणि लवकर खराब होते. तेथे सिलिकॉन ग्रीसच लावावे.

वासणा रोडवासी:

पातळी योग्य होती आणि झडपही मोकळी हलत होती. दोन्ही वाटांवर बुडबुडे सारखेच आले, म्हणून शोध पंपाजवळ आणला. युनियनवर, म्हणजे पाइप सोडवता येणाऱ्या जोडावर, आणि व्हॉल्वच्या दांड्यावर धार धरून काहीच झाले नाही, पण पाइप पंपात शिरतो त्या आट्याच्या सांध्यावर धरताच झाकणाखालचे पाणी सरसर चढून वरपर्यंत भिडले. पंप बंद केला त्या क्षणी त्याच आट्यांतून पाण्याची सुईएवढी चिळकांडी उडून लगेच थांबली, हे मी दोनदा पाहिले. वरून एम-सील लावून भागेल काय?

इंदूरचा पाणीवाला:

भागेल, पण फार दिवस नाही. ती चिळकांडी म्हणजे फिल्टरच्या माथ्यावर दाबून साठलेल्या हवेने पाणी मागे रेटल्याची खूण आहे. मला शंका आहे की हा पंप मध्यंतरी कधीतरी पाण्याविना चालला असावा. अशा वेळी आत उरलेले पाणी तापून उकळू लागते. साध्या पीव्हीसीला मात्र 60 अंश सेल्सियसच्या आसपासची उष्णताही झेपत नाही, आणि मग आट्यांचा तो तुकडा, ज्याला प्लंबर एमटीए म्हणतात, आक्रसून बारीक होतो. तो कापून नवा घालावा, आट्यांवर टेफ्लॉन टेपचे चार-पाच वेढे आटे ज्या दिशेने फिरतात त्याच दिशेने द्यावेत, आणि हाताने घट्ट झाल्यावर पान्याने थोडेच फिरवावे, कारण जास्त जोर लावला तर पंपाच्या प्लॅस्टिकच्या अंगालाच चीर जाते. सॉल्व्हंट सिमेंटचा जोड दिवसभर वाळू द्यावा. पंप सुरू करताना फिल्टरच्या माथ्यावरचा हवा सोडण्याचा नळ उघडा ठेवून पाण्याची सलग धार येऊ लागल्यावरच बंद करावा. दाबाखालच्या हवेने टाकीचे झाकण उडू शकते.

वासणा रोडवासी:

शंका खरी निघाली. होळीनंतर एका रात्री पाणी उतरलेले असताना पंप सकाळपर्यंत चालू राहिला होता, हे रखवालदाराने आज सांगितले. नवा एमटीए काल बसवला. आज सकाळी स्ट्रेनर काठोकाठ भरलेला होता आणि बादली कोपऱ्यातच राहिली.