स्पेन दक्षिण ते उत्तर गाडीने: मालागा ते बिल्बाओ, रूट बघून सांगा प्लीज

वाटचुकार:

नमस्कार मंडळी, मेच्या शेवटी स्पेनला जायचं चाललंय. मी, बायको, नऊ वर्षांचा मुलगा आणि माझे आईबाबा. बाबांना इतिहासाचं वेड, म्हणजे पाटी दिसली की वाचल्याशिवाय हलणार नाहीत. आईचे गुडघे दुखतात आणि ती पक्की शाकाहारी, अंडं केकमध्ये असलं तर चालतं पण ताटात दिसलं तर नाही. तिकिटं अजून काढली नाहीत पण मालागाला उतरायचं आणि बिल्बाओहून परत यायचं असं डोक्यात आहे, म्हणजे तोच रस्ता उलटा खाली यायला नको. हातात जेमतेम दोन आठवडे.

आत्ताचा प्लॅन असा की मालागा, ग्रानादा, कोर्दोबा, सेव्हिया, मग माद्रिद, बार्सिलोना, सारागोसा आणि बिल्बाओ. बायको म्हणतेय ही सहल नाही, ट्रकवाल्याचं वेळापत्रक आहे. गाडी मीच चालवणार, उजव्या बाजूने कधी चालवली नाही त्यामुळे थोडी धाकधूक आहे. रूट बरोबर आहे का, गाडी कुठली घ्यावी, लायसन्सचं काय, टोल किती, आणि आईच्या जेवणाचं काय करायचं, जे जमेल ते सांगा.

निवांतपक्षी:

वहिनींचं बरोबर आहे :) बार्सिलोना काढून टाका. माद्रिद ते बार्सिलोना सव्वासहाशे किमी आहे आणि तिथून परत पश्चिमेला बिल्बाओ म्हणजे आणखी सहाशेच्या घरात, हे सगळं फक्त नकाशावर टिक करायला. माद्रिद आणि बार्सिलोना फास्ट ट्रेनने मस्त जोडलेली आहेत, त्यांच्यासाठी पुन्हा कधीतरी या, गाडी तिथे उलट गळ्यात धोंड होते, पार्किंगलाच पैसे जातात.

माझं मत विचाराल तर सेव्हियाहून सरळ वर जाणारा ए-६६ पकडा. रूता दे ला प्लाता म्हणतात त्याला, सेव्हिया ते उत्तर किनाऱ्यावरचं हिहोन साधारण ८०० किमी, जवळपास सगळा फुकट. लेऑनच्या वर आस्तुरियासमध्ये (उत्तर किनाऱ्यावरचा प्रांत) उतरताना मधला तुकडा तेवढा टोलचा आहे. तोही टाळायचा असेल तर जुना एन-६३० आहे पाखारेस घाटातून, १३७८ मीटरवर चढतो, पण पहिल्यांदाच उजवीकडून चालवणाऱ्याने पाठीमागे आईबाबा बसलेले असताना ती हौस करू नये असं मला वाटतं, टोल भरा आणि बोगद्यांतून जा.

या रस्त्यावर गर्दी खूपच कमी असते. मेरिदा आहे, ऑगस्टसने इ.स.पू. २५ मध्ये निवृत्त सैनिकांसाठी वसवलेलं शहर, तिथल्या रोमन थिएटरात अजूनही उन्हाळ्यात नाटकं होतात. मग कासेरेस, सालामांका, झामोरा, लेऑन. मेरिदा ते कासेरेस तर तासाभराच्या आत. सालामांकात दोन रात्री राहाच, प्लासा मायोरमध्ये (मुख्य चौकात) संध्याकाळी नुसतं बसायला. मेच्या शेवटी उत्तरेत पावणेदहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे दिवस मोठा मिळतो, फक्त आईंना रात्रीचं जेवण साडेसातला लागत असेल तर पंचाईत आहे, त्यावर खाली कोणीतरी लिहीलच.

सेव्हिया आणि कोर्दोबात मात्र मेमध्येही पारा पस्तिशी गाठू शकतो, तिथे फिरणं सकाळीच उरका.

ओल्या_नारळाची_करंजी:

गाडीबद्दल मी लिहिते. लायसन्स: आरटीओतून आयडीपी (इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट) काढून घ्या आणि मूळ लायसन्स सोबत ठेवा, काउंटरवर दोन्ही मागतात. क्रेडिट कार्ड ड्रायव्हरच्याच नावाचं हवं आणि डिपॉझिटएवढी लिमिट त्यावर मोकळी हवी, आमच्या वेळी यावरून काउंटरवर अर्धा पाऊण तास डोकं खाल्लं होतं आणि शेवटी महागडा इन्शुरन्स गळ्यात मारला. मालागात घेऊन बिल्बाओत सोडणार म्हणजे वन-वे चार्ज लागणार, बुकिंग करतानाच तो दिसतोय का बघा. ऑटोमॅटिक हवी असेल तर आत्ताच बुक करा, तिथे मॅन्युअलच जास्त असतात, आणि उजव्या हाताने गिअर टाकणं पहिल्या दिवशी नकोसं होतं (डाव्या हाताची सवय, हात सारखा दाराला लागतो).

पाच माणसं म्हणजे सात सीटर घ्या आणि मागची रांग पाडून ठेवा, पण बॅगा बाहेरून दिसता कामा नयेत. काचा फोडून बॅगा उचलायचे प्रकार पर्यटकांच्या ठिकाणी होतात, पासपोर्ट गाडीत ठेवून मेरिदाचं थिएटर बघायला जाऊ नका. मोठ्या गाडीचा तोटा म्हणजे जुन्या गावांच्या गल्ल्या. हॉटेल गावाबाहेर पार्किंगवालं बघा, किंवा जुन्या भागाच्या कडेला पब्लिक पार्किंगमध्ये गाडी टाकून चालत जा. जीपीएस म्हणतंय म्हणून कुठल्याही गल्लीत घुसू नका, बऱ्याच शहरांत आता कमी प्रदूषणाचे झोन केलेत आणि काही जुने भाग फक्त तिथल्या रहिवाशांच्या गाड्यांसाठी असतात, कॅमेरा फोटो काढतो आणि पावती रेंटलवाल्यामार्फत घरी येते, वर त्यांची फी वेगळी.

वेग: आउतोव्हीयावर (बिनटोलच्या हायवेवर) १२०, साध्या रस्त्यांवर ९०, गावात जिथे दोन्ही बाजूंना एकेकच लेन असते तिथे ३०. हे ३० चं फार लोकांना माहीत नसतं, २०२१ पासून आहे. राउंडअबाउटमध्ये आतल्या गाडीचा हक्क पहिला, आपल्यासारखं 'नाक घातलं त्याचा रस्ता' असं नाही. मुलाची उंची १३५ सेंमीपेक्षा कमी असेल तर मागे बसवायचा आणि बूस्टर सीट लागते, इथूनच नेली तर भाडं वाचतं. पेट्रोल म्हणजे गासोलिना ९५, डिझेल म्हणजे गासोलेओ, पंपावर घाईत उलटसुलट करू नका.

जुनीपाने:

निवांतपक्षींना +१. बाबांना इतिहासाचं वेड आहे म्हणताय तर या रूटवर त्यांच्यासाठी एक धागा आयता मिळतो, सम्राट पाचवा चार्ल्स, सोळाव्या शतकातला स्पेनचा राजा. गंमत अशी की दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना त्याचं आयुष्य जवळजवळ उलटं बघायला मिळतं.

सेव्हियाच्या अल्कासारमध्ये १५२६ साली त्याचं लग्न झालं, पोर्तुगालच्या इसाबेलशी. त्याच वर्षीचा उन्हाळा दोघं ग्रानादात राहिली, आणि अलांब्राच्या, म्हणजे तिथल्या मुस्लिम सुलतानांच्या किल्ल्यातल्या, नाजूक महालांना खेटून त्याने स्वतःचा जो दगडी चौकोनी राजवाडा उठवला तो बघून बाबा वाद घालणार हे नक्की. बाहेरून चौकोनी आणि आत गोल चौक. मला तो आवडतो, पण चुकीच्या जागी आहे असंही वाटतं.

मग प्लासेन्सियाला ए-६६ सोडून पूर्वेला साधारण तासभर आत ला व्हेरा भागात जा. युस्ते नावाचा मठ आहे, एवढ्या मोठ्या साम्राज्याचा मालक सगळं मुलाला आणि भावाला देऊन इथे येऊन राहिला आणि १५५८ च्या सप्टेंबरात इथेच गेला. संधिवाताने इतका बेजार होता की डोंगर ओलांडताना त्याला उचलून आणावं लागलं. मठाशेजारची त्याची राहायची जागा तयार होईपर्यंत जवळच हारांदियाच्या किल्ल्यात थांबला, त्या किल्ल्यात आता सरकारी हॉटेल आहे, पारादोर म्हणतात, एक रात्र राहता येईल. स्वस्त नाही पण बाबांचा चेहरा बघण्यासारखा होईल.

शेवटी किनाऱ्यावर ए-८ ने बिल्बाओकडे जाताना हिहोनच्या पुढे व्हियाव्हिसिओसाजवळ तासोनेस हे छोटं मच्छीमारांचं गाव लागतं. १५१७ साली सतरा वर्षांचा चार्ल्स स्पेनमध्ये पहिल्यांदा उतरला तो इथे, तोसुद्धा चुकून. जायचं होतं सांतांदेरला. लोकांना वाटलं चाचे आले.

वाटचुकार:

बापरे, बाबांना हे वाचून दाखवलं, त्यांनी लगेच वही काढली. बार्सिलोना कॅन्सल, घरात मतदान झालं, चार विरुद्ध एक (मुलगा फुटबॉलसाठी रुसलाय). माद्रिदही आपोआप गेलं. आता दोनच शंका. आईचं जेवण, आणि डोंगर बघायचे आहेत पण चालायचं नाही, असं काही आहे का वाटेत?

ओल्या_नारळाची_करंजी:

डोंगरांसाठी पिकोस दे एउरोपा. ए-८ वरून उंकेराला आत वळायचं, ला एर्मिदाच्या खिंडीतून पोतेसला, तिथून पुढे फुएन्ते दे. केबल कार एका दमात ७५३ मीटर वर नेते, साधारण चार मिनिटांत, वर बाकावर बसूनही सगळं दिसतं. तिकीट आधी ऑनलाइन काढा आणि सकाळी लवकर जा, दुपारी ढग आले की काही दिसत नाही. आस्तुरियासचा पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यातल्या कोकणासारखा, कधी येईल सांगता येत नाही, एक दिवस मोकळा हाताशी ठेवा. खिंडीतला रस्ता अरुंद आहे, समोरून बस आली तर तुम्ही थांबा, ती थांबणार नाही.

जेवण: नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हणून भागत नाही. मांस नको म्हटलं तरी हॅमचे तुकडे येतात कारण बऱ्याच जणांच्या हिशोबी ते मांसात धरतच नाहीत, आणि साध्या सॅलडवर टूना असतो. 'सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो, सिन आतून' (मांस, हॅम, मासे, टूना नको) असं चारही कागदावर लिहून दाखवा. सेव्हियात पालक-चण्याची भाजी मिळते, एस्पिनाकास कोन गार्बान्सोस, जिरं असतं त्यात, आईंना आवडेल. गास्पाचो (टोमॅटोचं थंड सूप) चालेल, साल्मोरेखो (त्याचाच दाट प्रकार) मागवलंत तर वर अंडं आणि हॅम घालू नका सांगा. तोर्तिया म्हणजे अंडं-बटाटा, तुमच्या नियमात बसत नाही. आस्तुरियासची फाबादा नावाने राजमा वाटते पण त्यात सगळं डुक्कर.

रात्री साडेआठच्या आधी किचन उघडत नाही बहुतेक ठिकाणी, म्हणून मधल्या गावांत हॉटेलऐवजी किचनवालं अपार्टमेंट घ्या. सुपरमार्केटात शिजवलेले चणे काचेच्या बरणीत मिळतात, कांदा टोमॅटो टाकला की छोले. रविवारी दुकानं बरीचशी बंद, शनिवारीच भरून ठेवा. इथून फक्त मसाला आणि पोहे न्या, तिखट नेऊ नका.

जुनीपाने:

तिखटाचं एक सांगतो, तुम्ही ला व्हेराला जाणारच आहात, तिथलं पिमेंतोन (लाल मिरचीची पूड) तिथेच घ्या. मिरच्या ओकच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात, गोड, मध्यम आणि तिखट असे तीन प्रकार असतात, डब्यावर 'पिकान्ते' (तिखट) लिहिलेलं बघून घ्या. आपल्या मानाने तिखट नाहीच, पण बटाट्याच्या काचऱ्यांवर झकास लागतं.

निवांतपक्षी:

एक राहिलं. अलांब्राची तिकिटं आजच बघा, बाकी सगळं नंतर. आतल्या नासरी महालांची (सुलतानांच्या राजवाड्यांची) ठरलेली वेळ असते, ती चुकली की आत सोडत नाहीत, आणि तिकीट नावावर असतं त्यामुळे पासपोर्ट लागतो, सगळ्यांचे. तारीख मिळाली की तिच्या अलीकडे-पलीकडे मालागा आणि सेव्हियाच्या रात्री बसवा, आणि गाडी मालागात उतरल्या दिवशी घेऊच नका. रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाने नव्या बाजूने चालवायला शिकू नये, एक झोप काढा आणि सकाळी विमानतळावर परत जाऊन घ्या, तिथून हायवे लगेच लागतो, गावात शिरावंच लागत नाही.

वाटचुकार:

तिकिटं बघतोय, सकाळचे स्लॉट गेलेत, संध्याकाळी साडेपाचचा दिसतोय, पाचही जणांना मिळतोय. चालेल ना? ऊन उतरलेलं असेल का तेव्हा?

निवांतपक्षी:

घ्या लगेच, विचारू नका. ऊन असेल पण महालांत सावली आहे. बागा आणि चार्ल्सचा वाडा आधी उरका, महालांच्या दाराशी अर्धा तास आधी पोचा, आतलं अंतर लांब आहे आणि चढ-उतार आहेत, आईंना सावकाश न्या.