साध्या कॉलेजातनं शिकून सरकारी नोकरीत कितपत पुढं जाता येतं?

खानापूरकर:
भाऊ बीएच्या शेवटच्या वर्षाला हाय, तालुक्याच्याच कॉलेजात. काका म्हणतात बेळगावातल्या मोठ्या कॉलेजात टाकायला पायजे होतं, आता पोलीस नायतर पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) व्हायचं विसरा. खरं हाय काय हे?

निपाणीची ताई:
काकांना चहा पाज आणि गप्प बसव. पीडीओला कुठलीबी डिग्री चालते, कॉलेज कोण विचारत नाय. अडतंय ते कन्नडला, केपीएससीच्या (कर्नाटक लोकसेवा आयोगाच्या) परीक्षेत कन्नडचा पेपर पास व्हायलाच लागतोय, आपली मराठी शाळेतली पोरं तिथंच गळतात म्हणून आत्तापासनं रोज कन्नड वर्तमानपत्र वाचायला लाव त्याला.

सीमाभाग१२:
एमपीएससी पण बघ की. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादातल्या 865 गावांत तुमचं गाव असलं तर महाराष्ट्रातल्या नोकऱ्यांना अर्ज करता येतोय, 15 वर्षं राहिल्याचा दाखला लागतो, तो काढायला लय फिरवतात.

टिळकवाडी:
अमेरिकेत कम्युनिटी कॉलेज म्हणून असतंय, दोन वर्षांचं, स्वस्त, आपल्या तालुक्याच्या कॉलेजासारखंच समजा. रिचर्ड कार्मोना शाळा सोडून सैन्यात गेलेला, मग ब्रॉन्क्स कम्युनिटी कॉलेजात शिकला आणि 2002 ला त्या देशाचा सर्जन जनरल, म्हणजे सरकारचा सगळ्यात वरचा आरोग्य अधिकारी झाला. आयलीन कॉलिन्स पण तसल्याच कॉलेजातली, हवाई दलात गेली आणि 1999 ला स्पेस शटलची पहिली महिला कमांडर. काकांना हे सांगून फरक पडणार नाय म्हणा.

खानापूरकर:
काका म्हणतात ते अमेरिकेत 😄 कन्नड क्लास कुठला बरा, खानापुरात?