गावचं घर पाडायचं का ठेवायचं?

जांबोटीकडचा:
नमस्कार मंडळी. जांबोटीच्या पुढं आमचं जुनं घर आहे, मातीच्या भिंती, वर मंगळुरी कौलं, मागं जांभ्या दगडांचा गडगा. आजी गेली तेव्हापासून चार वर्षं कुलूप. काका म्हणूलालेत पाडूया, स्लॅब टाकून तीन खोल्या काढूया. आणि मी इकडं बेळगावात बसून मोबाईलवर इटलीच्या सिसिली बेटावरचं मुसोमेली बघूलालोय, डोंगरावरचं गाव, पडकं घर १ युरोला! लोक विमानानं येऊन घेऊलालेत, आणि आमच्या घरात फुकट रहा म्हटलं तरी भाचा तयार नाही. काय करावं?

जहाजी:
१ युरो नुसतं आमिष ओ. डिपॉझिट भरा, बहुतेक ठिकाणी तीनेक वर्षांत घर दुरुस्त करून दाखवा, नाहीतर डिपॉझिट गेलं, नोटरी आर्किटेक्टचा खर्च वेगळा. तिथली पोरं मिलानला, जर्मनीला गेली म्हणून घरं ओस, आपली पुण्याला आणि गोव्याला. क्रूझवर असताना सुट्टीत इटलीतल्याच चिविता दि बान्योरेज्जोला गेलतो. मऊ दगडाच्या सुळक्यावर गाव, खाली चिकणमाती, कडा ढासळतच असतात, जायला एक पायपूल, आणि २०१३ पासून गावात शिरायला तिकीट! कायमची माणसं बोटावर मोजण्याएवढी. एक म्हातारी दारात मटार सोलत बसलेली, लोक फोटो काढूलाले, तिनं खुर्चीच फिरवली आणि आमच्याकडं पाठ करून सोलत बसली. तसलं गाव पाहिजे काय आपल्याला?

खानापूरची काकी:
आधी एक, गडग्याला हात लावू नका. बिनचुन्याची, बिनसिमेंटची दगडी भिंत रचायची कला २०१८ ला युनेस्कोच्या यादीत गेली, इटली, ग्रीस, क्रोएशिया, सायप्रस, स्पेन धरून आठ देशांची मिळून. तिकडं उतारावरचे ऑलिव्ह आणि द्राक्षांचे मळे असल्याच गडग्यांनी धरून ठेवलेत. फटीतनं पाणी निघून जातं म्हणून भिंत टिकते. आमच्या शेजाऱ्यांनी गडगा काढून सिमेंटचं कंपाऊंड घातलं, पाणी जायला भोकं नाहीत, दुसऱ्याच पावसाळ्यात भिंतीनं पोट काढलं आणि अख्खी रस्त्यावर.

पण घराला इटलीची नक्कल नको. त्यांचा पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा, आपल्याकडं चार महिने झोडपतो. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा अजिबात नको, ओल आत कोंडते. शेणमाती नाहीतर चुना. पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात का बघा. आणि कौलं चाळली काय मे महिन्यात?

जांबोटीकडचा:
नाही काकी, चार वर्षं वर कोण चढलंच नाही.

खानापूरची काकी:
मग माती कशाला बदनाम करताय? एक कौल सरकलं की पाणी थेट भिंतीच्या डोक्यावर. वाशाला खिळा टोचून बघा, लोण्यात गेल्यासारखा गेला तर वाळवी, तेवढेच वासे बदला. पाडायचं नंतर बोलू.

जांबोटीकडचा:
काकांना आत्ताच फोन लावला. म्हणाले, "चढणार कोण, तू?" रविवारी चाललोय. जांबोटीत कुणाकडं शिडी आहे काय?