‘डॅफोडिल’ला ‘नर्गिस’ म्हणावे का?

‘डॅफोडिल’ला मराठीत ‘नर्गिस’ म्हणावे, अशी सूचना अधूनमधून केली जाते. दोन्ही झाडे नार्सिसस या एकाच प्रजातीतली, कांद्यासारख्या थरदार कंदातून उगवणारी आणि वसंतात फुलणारी असल्यामुळे ती पटण्याजोगी वाटते. पण दोन्ही फुले शेजारी ठेवून पाहिली की ती टिकत नाही.

फारसी-उर्दूतून आपल्याकडे आलेला ‘नर्गिस’ हा शब्द मुख्यतः नार्सिसस टाझेटा या जातीचा आहे. इराणपासून काश्मीरपर्यंत हे फूल परिचयाचे असून काश्मिरीत त्याला ‘यंबरझल’ म्हणतात. दांड्याच्या टोकाचा पातळ पापुद्रा फाटला की त्यातून अनेक सुवासिक फुलांचा झुबका बाहेर येतो, आणि प्रत्येक फुलात सहा पांढऱ्या पाकळ्यांच्या मधोमध एक बसकी पिवळी वाटी असते. ‘टाझेटा’ या इटालियन शब्दाचा अर्थही ‘छोटा पेला’ असाच आहे. फारसी काव्यात नर्गिस हे डोळ्याचे उपमान झाले ते याच रूपामुळे. खाद्यप्रेमींना वेगळा पुरावा नको: नर्गिसी कोफ्ता मधोमध कापला की आतल्या उकडलेल्या अंड्याचा पांढरा-पिवळा छेद दिसतो, आणि नावाचा उलगडा होतो.

डॅफोडिल, म्हणजे नार्सिसस स्यूडोनार्सिसस, हे पश्चिम युरोपातले रानफूल. याच्या दांड्यावर बहुधा एकच, किंचित झुकलेले फूल येते. पाकळ्या फिकट पिवळ्या आणि मधला भाग जवळजवळ त्यांच्याइतकाच लांब, गडद पिवळ्या कर्ण्यासारखा. इंग्रज कवी विल्यम वर्ड्‌स्वर्थ आणि त्यांची बहीण डोरोथी यांनी १५ एप्रिल १८०२ रोजी अल्सवॉटर सरोवराच्या काठी पाहिली, आणि ज्यांवर विल्यम यांनी पुढे प्रसिद्ध कविता लिहिली, ती हीच फुले. त्या कवितेच्या अनुवादात ‘नर्गिस’ लिहिले, तर वाऱ्यावर डोलणाऱ्या पिवळ्या फुलांच्या जागी पांढऱ्या पाकळ्यांचे झुबके उभे राहतात, आणि माझ्या मते ही चूक किरकोळ नाही.

स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसने १७५३ मध्ये दोन्ही जातींना शास्त्रीय नावे दिली. त्यांतल्या ‘स्यूडोनार्सिसस’चा शब्दशः अर्थ ‘खोटा नार्सिसस’ असा होतो, म्हणजे हा भेद खुद्द नावातच नोंदलेला आहे.

म्हणून मराठीत ‘डॅफोडिल’ हाच शब्द ठेवावा आणि ‘ऑर्किड’प्रमाणे तो नपुंसकलिंगी चालवावा. वाचक अपरिचित असेल, तर पहिल्या उल्लेखात ‘कर्ण्याच्या आकाराचे पिवळे फूल’ एवढे जोडले तरी पुरते.