अनुभव धागा : कॉलेजच्या लॅबमध्ये केलेले काम ठेवायचे कुठे?

संगणक प्रयोगशाळेत केलेले काम सुखरूप घरी कसे न्यायचे, हा प्रश्न दरवर्षी नव्या सत्राबरोबर उभा राहतो. आपण काय वापरले आणि ते कुठे अडले, हे सविस्तर लिहावे. ‘क्लाउड वापरा’ एवढ्या एका ओळीवर कोणाचेच भागत नाही.

अभियांत्रिकी, द्वितीय वर्ष, नागपूर
आमच्या लॅबमधील संगणकांवर डीप फ्रीझ हे सॉफ्टवेअर बसवलेले आहे. यंत्र पुन्हा सुरू केले की सी ड्राइव्ह गोठवून ठेवलेल्या मूळ स्थितीत परत जातो आणि डेस्कटॉपवरचे सारे नाहीसे होते; रिसायकल बिनमध्येही काही सापडत नाही. डी ड्राइव्ह असा गोठवलेला नसल्यामुळे सगळे जण तिथेच रोल नंबरचे फोल्डर करतात. मात्र ते सर्वांनाच उघडता येते, त्यामुळे मागच्या सबमिशनला एकाच प्रोग्रामच्या, केवळ वरचे नाव बदललेल्या अनेक प्रती सरांच्या हाती पडल्या.

प्रयोगशाळा सहायक, तंत्रनिकेतन, सोलापूर
यूएसबी पोर्ट बंद ठेवल्याबद्दल विद्यार्थी आम्हाला बोल लावतात. परंतु एक व्हायरस असलेला पेन ड्राइव्ह सकाळच्या बॅचमध्ये फिरला की दुपारपर्यंत इतरांच्याही पेन ड्राइव्हमधली मूळ फोल्डर दिसेनाशी होतात आणि त्यांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट उभे राहतात. मुले घाबरून फॉरमॅट मारायला निघतात. तसे अजिबात करू नये, कारण फाइल बहुतेक वेळा जागच्या जागी असतात, फक्त लपवलेल्या असतात. शॉर्टकटवर क्लिक न करता आधी अँटिव्हायरसने तपासणी करावी आणि मग कमांड प्रॉम्प्टवर ‘ॲट्रिब’ ही आज्ञा वापरून फाइलींचे ‘हिडन’ व ‘सिस्टिम’ हे गुणधर्म काढावेत, म्हणजे त्या पुन्हा दिसू लागतात. पेन ड्राइव्हवरूनच थेट फाइल उघडून तासभर काम करण्याची सवयही वाईट. फाइल यंत्रावर कॉपी करावी, काम संपल्यावर परत टाकावी आणि ‘सेफली रिमूव्ह’ केल्यावरच ड्राइव्ह काढावा. तास संपल्याची घंटा झाली की हे कोणी करत नाही, ही गोष्ट वेगळी.

एमसीए, प्रथम वर्ष, नाशिक
आमच्याकडे मोबाइल लॅबबाहेर ठेवावा लागतो, आणि दुहेरी पडताळणी सुरू असलेले गूगल खाते अनोळखी यंत्रावर नेमकी मोबाइलवरच संमती मागते. यावर गूगलचे बॅकअप कोड, म्हणजे मोबाइलवरील संमतीऐवजी टाकायचे, आधीच काढून ठेवलेले आकडे उपयोगी पडतात. एका वेळी १० कोड मिळतात; प्रत्येक आठ अंकी असतो आणि एकदाच चालतो. मी ते कागदावर लिहून पाकिटात ठेवते, वापरलेल्यावर काट मारते आणि खाते नेहमी इन्कॉग्निटो विंडोतच उघडते.

ॲनिमेशन, पुणे
ज्यांच्या फाइल मोठ्या असतात त्यांच्यासाठी : पेन ड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल, तर त्यात ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल बसत नाही, मग ड्राइव्ह ६४ जीबीचा रिकामा का असेना. एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केल्यावर ही अडचण दूर होते आणि तो विंडोज व मॅक दोन्हींवर चालतो.

१९९९ ची बॅच, कोल्हापूर
आमच्या वेळी १.४४ एमबीची फ्लॉपी होती आणि तीही केव्हा दगा देईल याचा नेम नसे, म्हणून प्रोजेक्ट नेहमी दोन फ्लॉप्यांवर नेत असू. माध्यम बदलले तरी दुसरी प्रत ठेवण्याला पर्याय मला अजून दिसलेला नाही.

माजी विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर
कॉलेजने दिलेल्या गूगल खात्यावर फार विसंबू नये. शैक्षणिक संस्थांना पूर्वी मिळणारी अमर्याद जागा २०२२ पासून बंद झाली आणि अख्ख्या संस्थेत मिळून वापरायची १०० टीबीची मर्यादा आली. साहजिकच अनेक संस्था आता उत्तीर्ण झालेल्यांची खाती बंद करतात. वैयक्तिक खात्यात १५ जीबी मोफत मिळतात, पण त्यांतच जीमेल आणि फोटोही मोजले जातात. म्हणून शेवटच्या सत्राची परीक्षा सुरू होण्याआधीच गूगल टेकआउटमधून (खात्यातील सारे एकत्र डाउनलोड करण्याची गूगलची सोय) सर्व काही उतरवून घ्यावे. डाउनलोडची लिंक ईमेलवर येते आणि साधारण आठवडाभरच चालते. कॉलेजने ही सोय बंद ठेवली असेल, तर खाते चालू आहे तोवर फाइल हातानेच उतरवून घ्याव्या लागतात.