नळाचे कठीण पाणी आणि आपला संसार : आपापले अनुभव लिहावेत

वाघोलीकर
गीझर दुरुस्त करायला आलेल्या कारागिराने काल आतली कॉइल बाहेर काढून दाखवली. तिच्यावर अंड्याच्या कवचासारखा पांढरा, टणक थर इतका जाड बसला होता की मूळ धातू कुठे दिसतच नव्हता. ते पाहून मला पेठेतल्या आमच्या जुन्या घरातला तांब्याचा बंब आठवला. तिथे खडकवासल्याचे पाणी येत असे आणि बंबात किटण साचल्याची तक्रार कधी ऐकली नव्हती. वाघोली 2021 मध्ये पुणे महापालिकेत आली, परंतु आमच्या सोसायटीच्या टाकीत आजही मुख्यतः बोअरचे आणि टँकरचेच पाणी पडते. साबणाला फेस येत नाही, काचेच्या पेल्यांवर धुतल्यानंतरही पांढरट डाग राहतात आणि शॉवरची निम्मी भोके बुजलेली आहेत. आपल्याकडे काय परिस्थिती आहे, हे सविस्तर लिहावे.

उंड्रीची गृहिणी
तूरडाळ! आमच्याकडे कुकरच्या कितीही शिट्ट्या केल्या तरी डाळ दाण्यादाण्याने वेगळी राहायची आणि वरण म्हणून पिवळ्या पाण्यात डाळ तरंगायची. सासूबाईंनी आधी वाण्याला दोष दिला, मग कुकरच्या रिंगला आणि शेवटी, अपेक्षेप्रमाणे, मला. एकदा पिण्याच्या फिल्टरचे पाणी घालून कुकर लावला, तेव्हा तीच डाळ लोण्यासारखी मऊ शिजली आणि घरात शांतता नांदू लागली. चिमूटभर खाण्याचा सोडा घातल्यानेही डाळ शिजते, पण चव बदलते, म्हणून मी तो टाळते.

निवृत्त रसायनशिक्षक
ताई, आपल्या वाण्याची निर्दोष मुक्तता करावी, कारण पाण्यातले कॅल्शियम डाळीच्या पेशीभित्तिकेतील पेक्टिनला घट्ट बांधून ठेवते आणि त्यामुळे दाणा फुटत नाही. सोड्याने जीवनसत्त्व ब-1 नष्ट होते, तेव्हा आपण तो टाळता हे उत्तमच आहे.

वाघोलीकरांच्या कॉइलबद्दल सांगायचे तर, धरणात साठते ते मुख्यतः पावसाचे वाहून आलेले पाणी असते, तर खोल बोअरचे पाणी बेसाल्टच्या भेगांमधून दीर्घकाळ झिरपत आलेले असल्यामुळे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असते. पाणी तापले की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूचाच पदार्थ, कॉइलवर बसतो. थर जाड झाला की उष्णता पाण्यात पोहोचत नाही, विजेचे बिल वाढते आणि शेवटी कॉइल जळते. म्हणून गीझरचे तापमान शक्यतो 60 अंशांच्या वर ठेवू नये, कारण पाणी जितके जास्त तापते तितका थर लवकर साचतो.

आणखी एक गैरसमज दूर करतो. हातातले टीडीएस मीटर पाण्याचा कठीणपणा, म्हणजे त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, मोजत नाही, ते सर्व विरघळलेल्या क्षारांचा एकत्रित अंदाज देते. कठीणपणा तपासण्यासाठी प्रयोगशाळेत नमुना द्यावा किंवा थेंब टाकून रंगबदल पाहण्याचा संच आणावा. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा एकूण कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतला जातो.

लंडनस्थित
हा प्रश्न केवळ बोअरचा नाही, हे येथे येऊन कळले. लंडनचे पाणी टेम्स आणि ली या नद्यांचे व भूगर्भातले असते, ते चुनखडकाच्या टेकड्यांतून झिरपत येते आणि त्यामुळे महापालिकेसारख्या अधिकृत नळालाही चांगलेच कठीण असते. किटलीच्या तळाशी पापुद्रे सुटतात आणि बिनदुधाच्या चहावर तेलकट दिसणारी साय धरते. भांडी धुण्याच्या यंत्रात मीठ घालण्याचा वेगळा कप्पाच असतो. मँचेस्टरला लेक डिस्ट्रिक्टच्या तलावांचे मऊ पाणी मिळते, त्यामुळे तिकडची माझी मावसबहीण आमच्या चहाला नावे ठेवते.

दादरकर
आम्हाला भातसा-वैतरणेचे मऊ पाणी मिळते, त्यामुळे टक्कल पडल्याचे खापर पाण्यावर फोडण्याची सोय मुंबईकरांना उपलब्ध नाही.

उंड्रीची गृहिणी
दादरकर, आमच्या यजमानांनी ती सोय पुरेपूर वापरली आहे! केस राठ होतात हे मात्र खरे आहे. साबणाचा या क्षारांशी संयोग होऊन जो चिकट साका तयार होतो, तो केसांवर आणि मुलांच्या शाळेच्या पांढऱ्या सदऱ्यांवर बसून राहतो. मी पुन्हा रिठ्याकडे वळले आहे, कारण रिठ्याचा फेस या पाण्यातही येतो.

सोसायटीचा माजी सचिव
आमच्या गच्चीवर सुरुवातीला तांब्याच्या बारीक नळ्यांचे सपाट सौर पॅनेल बसवले होते. त्या नळ्या आतून क्षारांनी इतक्या चोंदल्या की ऐन मे महिन्यात वरच्या मजल्यावरही कोमट पाणी येऊ लागले. पुढे काचेच्या निर्वात नळ्यांचा संच घेतला. कठीण पाण्याला तोच सोयीचा, कारण त्या नळ्या रुंद असतात आणि साफ करता येतात.

त्यानंतर सॉफ्टनर, म्हणजे पाणी मऊ करणारे यंत्र, बसवला. त्यातील रेझिन पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवते व त्या बदल्यात सोडियम सोडते, आणि ते भरले की मिठाच्या पाण्याने धुवावे लागते. त्यामुळे आमच्या वार्षिक सभेत मिठाच्या पोत्यांवर जितकी चर्चा झाली, तितकी लिफ्टवरही कधी झाली नाही. सॉफ्टनरनंतरही टीडीएस मीटरवरचा आकडा फारसा बदलत नाही, त्यामुळे यंत्र निकामी असल्याचा आरोप आमच्यावर झाला, तेव्हा वर गुरुजींनी लिहिले आहे ते कोणीतरी सांगायला हवे होते.

वाघोलीकर
सचिवसाहेब, बागेच्या नळालाही तेच पाणी दिले होते का?

सोसायटीचा माजी सचिव
नाही. सोडियम मातीला मानवत नाही, म्हणून बागेची वाहिनी सॉफ्टनरच्या आधीच वेगळी काढली. आपणही जोडणीच्या वेळी प्लंबरकडून तेवढे करून घ्यावे, नंतर फरशी फोडावी लागते.

कोथरूडची आजी
नळाच्या तोंडावरचा थर लिंबाच्या सालीने किंवा व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या फडक्याने अर्धा तास गुंडाळून ठेवल्यावर सुटतो. ओट्यावर मात्र व्हिनेगर सांडू देऊ नये. संगमरवर आणि कोटा हेही चुन्याचेच दगड असल्यामुळे त्यांची चमक जाते.

उंड्रीची गृहिणी
आजी, आमचा ओटा ग्रॅनाइटचा आहे. शॉवरची जाळी उघडून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवली, तर वरचा चकाकणारा मुलामा निघेल का?

कोथरूडची आजी
रात्रभर ठेवू नये. थोडा वेळ भिजवून जुन्या दातघासणीच्या ब्रशने घासावी आणि लगेच धुऊन कोरडी पुसावी.